आकृतीत हरवलेली दिशा : टॅम्पॉनच्या माहितीपत्रकाचे एक परीक्षण

विज्ञानाच्या मासिकात परीक्षण यायचे ते पुस्तकाचे, असा संकेत आहे. आम्ही येथे परीक्षणासाठी घेतले आहे ते पातळ कागदाचे, अनेक घड्या घातलेले एक पत्रक. टॅम्पॉनच्या खोक्यात ते ठेवलेले असते. खोके उघडताच ते बहुधा बाजूला टाकले जाते आणि काही अडले की पुन्हा शोधून उलगडले जाते. त्याच्या जोडीने आणखी एक गोष्ट तपासायची आहे : स्त्रीच्या प्रजननसंस्थेची शाळेत फळ्यावर काढली जाणारी नेहमीची आकृती. या दोहोंचा एकमेकांशी जवळचा संबंध आहे असे आमचे म्हणणे आहे.

ज्यांना हे साधन परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टॅम्पॉन म्हणजे कापूस किंवा रेयॉन घट्ट दाबून केलेला, साधारण बोटाएवढा बोळा. पाळीचे रक्त शरीराबाहेर येण्यापूर्वीच टिपले जावे म्हणून तो योनिमार्गात ठेवतात. त्याच्या एका टोकाला दोरा असतो. तो बाहेर राहतो आणि तो ओढून बोळा काढून घेता येतो. आपल्याकडे याचा वापर फार थोडा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते २४ वयोगटातील सुमारे ६४ टक्के मुलींनी सॅनिटरी पॅड आणि सुमारे ५० टक्के मुलींनी कापड वापरत असल्याचे सांगितले. अनेक जणी दोन्ही वापरतात, म्हणून बेरीज शंभरावर जाते. टॅम्पॉन वापरणाऱ्या या आकड्यांच्या शेजारी नगण्य ठराव्यात इतक्या कमी आहेत.

मग शिक्षकांनी या पत्रकासाठी वेळ का द्यावा? एक कारण व्यवहाराचे आहे. पोहण्याच्या स्पर्धेत उतरणारी मुलगी आज शहरातच नव्हे, तालुक्याच्या गावीही असते, आणि पॅड लावून पाण्यात उतरता येत नाही. शिवाय योनिमार्गात ठेवायचे मासिक पाळीचे कपही आता बरेच पसरले आहेत. केरळातील आलप्पुळ नगरपालिकेने २०१९ साली हजारो कप वाटले. कप आणि टॅम्पॉन यांची पहिल्या वेळची अडचण एकच आहे. दुसरे कारण आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. शरीररचनेची आकृती वाचकाने स्वतःच्या शरीरावर लगेच वापरून पाहायची असते, असे छापील साहित्य जवळजवळ नाहीच. हृदयाची आकृती चुकली तर विद्यार्थ्याला कधीच कळणार नाही. या पत्रकातली आकृती बरोबर की अपुरी, याचा निकाल पाच मिनिटांत लागतो. आणि निकाल विरुद्ध गेला तर मुलगी आकृतीला दोष देत नाही. ‘माझ्यातच काहीतरी बिघाड आहे’ असे म्हणून ती खोके कपाटाच्या मागच्या कप्प्यात टाकते.

पत्रक काय सांगते

या पत्रकांचा साचा ठरलेला आहे. हात धुवा. गुडघे फाकवून बसा, किंवा एक पाय उंचवट्यावर ठेवून उभ्या राहा. अंग सैल सोडा. टॅम्पॉन पाठीच्या खालच्या भागाच्या रोखाने सरकवा. पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिकची नळी असेल तर आतली नळी दाबून बोळा आत ढकला आणि नळ्या काढून टाका. नळी नसेल तर बोटाने ढकला. जाणवत असेल तर तो पुरेसा आत गेलेला नाही. चार ते आठ तासांत बदला. आठ तासांपेक्षा अधिक ठेवू नका. सोबत शरीराचा बाजूने घेतलेला छेद आणि त्यावर एक बाण असतो.

यातले एकही विधान खोटे नाही, हे आधी नोंदवले पाहिजे. जिला आधीच येते तिच्यासाठी पत्रक पुरेसे आहे. पण ते लिहिलेले असते पहिल्यांदा वापरणारीसाठी, आणि तिला ते कारणे देत नाही. कृती दिली, कारण दिले नाही, की अडल्यावर पुढे काय करायचे हे वाचणाऱ्याला कळत नाही. प्रयोगवहीतल्या कृतीचा अनुभव असलेल्या शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको.

नळी नव्हे, घडी

पहिली उणीव आकृतीची आहे. छेदात योनिमार्ग दोन समांतर रेषांनी दाखवतात, आणि मध्ये मोकळी जागा. पाहणारीला वाटते, ही एक उघडी नळी आहे आणि तीत एक वस्तू सोडायची आहे. प्रत्यक्षात विश्रांतीच्या स्थितीत तेथे पोकळी नसते. पुढची भिंत आणि मागची भिंत एकमेकींना टेकलेल्या असतात. आडवा छेद घेतला तर तो इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखा दिसतो. जागा असते ती गरजेप्रमाणे उघडणारी.

वर्गात दाखवायचे तर दोन वस्तू पुरतात : पाइपचा एक तुकडा आणि एक पायमोजा. टेबलावर सपाट पडलेल्या मोजात पोकळी नसते, पण हात घातला की मोजा हाताएवढा होतो आणि काढला की पुन्हा मिटतो. आकृतीत दिसतो तो पाइप, शरीरात असतो तो मोजा. ज्या मुलीच्या मनात पाइप आहे तिला पहिल्या स्पर्शाला लागणारा मऊ अडथळा म्हणजे ‘वाट बंद आहे’ असे वाटते. जिच्या मनात मोजा आहे तिला तो अपेक्षितच असतो.

आपल्या भाषेतला शब्दही येथे थोडा दिशाभूल करतो. ‘योनिमार्ग’ म्हटले की वाहता, उघडा रस्ता डोळ्यांसमोर येतो. लॅटिनमधल्या मूळ शब्दाचा अर्थ तर ‘म्यान’ असा आहे, म्हणजे ते नाव ठेवणाऱ्याची नजर तलवारीकडे होती. शब्द बदला असे आमचे म्हणणे नाही. तो शिकवताना ‘हा मार्ग एरवी मिटलेला असतो’ एवढे एक वाक्य जोडावे.

दुसरी उणीव मापाची. विज्ञानाच्या कोणत्याही आकृतीला मापपट्टी हवी. या आकृतीला ती बहुधा नसते. विश्रांतीच्या स्थितीत योनिमार्गाची लांबी साधारण ७ ते १० सेंटिमीटर असते. त्याच्या आतल्या टोकाला गर्भाशयमुख असते आणि त्याचे छिद्र काही मिलिमीटरचे असते. एवढ्या दोन आकड्यांवरून ‘टॅम्पॉन पोटात हरवला तर?’ या भीतीचे उत्तर मिळते. मार्ग आतून बंद आहे आणि पुढचे छिद्र बोळ्याला जाऊ देण्याएवढे नाही, त्यामुळे तो कोठेही जाऊ शकत नाही. पत्रके ‘तो हरवत नाही’ असे आश्वासन देतात. आश्वासनापेक्षा मापाने भीती लवकर जाते.

बाणाची दिशा

तिसरी उणीव दिशेची, आणि पहिल्या प्रयत्नातले बरेचसे दुखणे हिच्यामुळेच होते. स्त्री सरळ उभी असताना योनिमार्ग सरळ वर जात नाही. तो वर आणि मागे, माकडहाडाच्या रोखाने झुकलेला असतो. त्याच्या पुढे मूत्रमार्ग आणि मूत्राशय, मागे गुदाशय. गर्भाशय बहुतेक स्त्रियांत पुढच्या बाजूला, मूत्राशयावर वाकलेले असते. म्हणजे योनिमार्ग आणि गर्भाशय यांच्यात जवळजवळ काटकोन होतो.

पत्रकातला बाण हे बरोबर दाखवतो. पण आकृती उभ्या शरीराची असते आणि वाचणारी त्या वेळी बसलेली, वाकलेली किंवा एक पाय उचललेली असते. ती स्वतःकडे वरून पाहत असते. कागदावरचा ‘वर’ आणि तिच्या हाताचा ‘वर’ एक राहत नाहीत. नकाशा उत्तर दिशेला न फिरवता वाट शोधण्यासारखेच हे आहे. साहजिकच ती बेंबीच्या दिशेने ढकलते. टोक पुढच्या भिंतीवर अडते, तिच्या मागे मूत्रमार्ग आणि जघनास्थी असतात, आणि दुखते. ‘वर’ हा शब्द काढून ‘मागे, माकडहाडाकडे’ असे लिहिले, आणि ‘पाठीवर झोपून करत असाल तर अंथरुणाच्या दिशेने’ एवढे जोडले, तर बाणाचे काम शब्दानेच होईल.

आधी स्वच्छ बोटाने दिशा पाहून घ्यावी, असा सल्ला अनेक पत्रके देत नाहीत. यामागे इतिहास आहे. आजच्या स्वरूपाच्या टॅम्पॉनचे पेटंट अर्ल हास या अमेरिकन डॉक्टरने १९३१ साली मागितले आणि ते १९३३ साली मंजूर झाले. एकात एक सरकणाऱ्या पुठ्ठ्याच्या दोन नळ्या त्याने योजल्या, त्यामुळे स्वतःच्या शरीराला हात लावावा लागत नव्हता. त्या काळच्या संकोचाला ही सोय मानवली. १९५० साली जर्मनीत ‘ओ. बी.’ नावाचा टॅम्पॉन आला. ‘पट्टीशिवाय’ अशा अर्थाच्या जर्मन शब्दांची ती आद्याक्षरे. त्याच्या रचनेत जुडिथ एसर या स्त्रीरोगतज्ज्ञ होत्या. तो नळीविना, बोटाने बसवायचा होता. दोन्ही प्रकार आजही चालतात आणि दोन्ही चांगले आहेत. परंतु नळीमुळे हाताला होणारी दिशेची ओळख टळते, हे पहिल्या वेळच्या वापरणारीला सांगायला हवे. ज्या शरीरात ती वस्तू ठेवायची, ते आधी आपल्याला ठाऊक असावे, यात लाजण्याजोगे काही नाही.

‘अंग सैल सोडा’

चौथी उणीव त्या लाडक्या वाक्याची. अंग सैल सोडा, असे सांगून कोणाचे अंग सैल झाले आहे? श्रोणीच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्र रोखून धरताना आपण जे स्नायू आवळतो, तेच हे. योनिमार्गाच्या बाहेरच्या भागाला त्यांचा वेढा असतो. भीती वाटली किंवा एकदा दुखले की ते आपोआप आवळतात. डोळ्यात औषधाचा थेंब घालताना पापणी मिटते, तसेच. मिटलेल्या पापणीला ‘घाबरू नकोस’ म्हणून उपयोग नसतो.

पण हे स्नायू आपल्या ताब्यातलेही असतात, आणि येथेच शास्त्राचा उपयोग आहे. आधी मूत्र रोखल्याप्रमाणे ते मुद्दाम आवळावेत, पाच अंक मोजावेत, मग लांब श्वास बाहेर सोडत सोडून द्यावेत. आवळून सोडलेला स्नायू ओळखता येतो. त्या सैल क्षणी, श्वास बाहेर जात असताना, टॅम्पॉन सरकवावा. ‘सैल सोडा’ या आज्ञेऐवजी एवढी कृती छापायला दोन ओळी पुरतात.

संवेदनेची गोष्टही तशीच. योनिमार्गाच्या बाहेरच्या सुमारे एक-तृतीयांश भागात स्पर्श आणि वेदना जाणवणारे मज्जातंतू भरपूर असतात, आतल्या भागात ते फार कमी. अर्धवट बसलेला टॅम्पॉन बाहेरच्या भागात राहतो, म्हणून टोचतो. नीट आत गेलेला जाणवतच नाही. ‘जाणवत असेल तर पुरेसा आत नाही’ हे पत्रकातले वाक्य याच कारणाने खरे आहे. पण कारण न देता ते सांगितले तर कोणती मुलगी ऐकेल? टोचणारी वस्तू मागे ओढणे ही स्वाभाविक क्रिया आहे, आणि येथे करायचे ते नेमके उलटे, थोडे आणखी आत सरकवायचे. कारण ठाऊक असलेली मुलगीच हे धाडस करील.

घर्षणाचा उल्लेख तर क्वचितच सापडतो. कोरडा कापूस कोरड्या श्लेष्मल त्वचेवर ओढला जातो. ओल्या पाटीवरून आणि कोरड्या पाटीवरून बोट फिरवून पाहिले तर फरक समजेल. म्हणून पहिला प्रयत्न पाळी सुरू नसताना ‘सराव’ म्हणून करू नये. तो रक्तस्राव जास्त असलेल्या दिवशी, बहुधा दुसऱ्या दिवशी, सर्वांत लहान मापाच्या टॅम्पॉनने करावा. लागलेच तर टोकाला पाण्यावर आधारलेले वंगण लावावे. काढतानाही हेच तत्त्व. अर्धा कोरडा टॅम्पॉन ओढला तर ओरखडल्यासारखे वाटते. आठ तासांची मर्यादा पाळून तो भिजू द्यावा आणि ज्या रोखाने घातला त्याच रोखाने, खाली आणि पुढे, सावकाश ओढावा. इतके करूनही तीव्र दुखले तर त्या दिवशी थांबावे. टॅम्पॉन वापरलाच पाहिजे असे कोणावर बंधन नाही.

खोक्यावरचे आकडे

खोक्यावर ‘रेग्युलर’, ‘सुपर’ असे शब्द असतात आणि छोटे छोटे थेंब काढलेले असतात. अमेरिकेत या शब्दांना ठरलेला अर्थ आहे : रेग्युलर म्हणजे ६ ते ९ ग्रॅम द्रव टिपणारा, सुपर ९ ते १२ ग्रॅम, त्याखालचा सर्वांत लहान ६ ग्रॅमपर्यंत. हे मोजायची रीत विज्ञानशिक्षकाला आवडावी अशी आहे. काचेच्या नळीत बसवलेल्या रबरी पिशवीत टॅम्पॉन ठेवतात, बाहेरून पाण्याचा दाब देतात, आणि रंगवलेले मिठाचे पाणी ताशी ५० मिलिलिटर या वेगाने आत सोडतात. टॅम्पॉनमधून गळायला लागले की तो काढून वजन करतात.

आता तुलना पाहा. एका संपूर्ण पाळीत जाणारे रक्त सरासरीने ३० ते ४० मिलिलिटर असते. ८० मिलिलिटरच्या वर गेले तर ते वैद्यकाच्या दृष्टीने जास्त मानतात. प्रयोगशाळेत एका तासात सोडतात त्यापेक्षा कमी रक्त शरीरातून चार-पाच दिवसांत जाते. शिवाय पाळीचा स्राव म्हणजे मिठाचे पाणी नव्हे. त्यात रक्तपेशी, श्लेष्मा आणि गर्भाशयाच्या अस्तराचे कण असतात. अमेरिकेतील ओरेगन येथील संशोधकांनी २०२३ साली रक्तपेढीतील मुदत संपलेल्या रक्तपेशी वापरून २१ प्रकारची साधने तपासली, तेव्हा रक्त वापरून केलेली अशी तुलना ही नवी गोष्ट ठरली. इतकी वर्षे ही मोजमापे प्रामुख्याने पाण्यावर बेतलेली होती. आकडे निरुपयोगी आहेत असे नाही. एका मापाची दुसऱ्याशी तुलना करायला ते ठीक आहेत. पण पत्रकाने त्यांचा अर्थ सांगितला असता, तर ‘मोठे ते सुरक्षित’ असे समजून पहिल्याच वेळी ‘सुपर’ घेणारी मुलगी वाचली असती. तिच्या हाती येतो तो जाड, आणि काढताना कोरडा राहिलेला बोळा.

पत्रकाचे दोन लेखक

पत्रक असे का झाले, याचे उत्तर १९८० सालात आहे. त्या वर्षी अमेरिकेत टॅम्पॉन वापरणाऱ्या तरुण स्त्रियांत एका घातक आजाराच्या अनेक नोंदी झाल्या. त्याला टॉक्सिक शॉक सिंड्रोम म्हणतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूच्या काही जाती तयार करतात त्या विषामुळे तो होतो. ‘रिलाय’ नावाच्या, पॉलिएस्टर फोमचे तुकडे आणि अतिशोषक सेल्युलोज भरलेल्या टॅम्पॉनशी त्याचा विशेष संबंध दिसला, आणि १९८० च्या सप्टेंबरात प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने तो बाजारातून काढून घेतला. १९८२ साली तेथील अन्न व औषध प्रशासनाने या आजाराची सूचना खोक्याबरोबर देणे सक्तीचे केले, आणि दशकाच्या अखेरीस शोषणक्षमतेचे एकसारखे शब्द ठरवून दिले.

ही सूचना आवश्यकच आहे. आजार आज फार विरळा आहे, पण झाला तर झपाट्याने वाढतो. टॅम्पॉन वापरताना अचानक मोठा ताप, उलट्या, जुलाब, चक्कर, उन्हाने भाजल्यासारखे पुरळ यांपैकी काही दिसले तर टॅम्पॉन ताबडतोब काढून डॉक्टरकडे जावे आणि टॅम्पॉन वापरत होतो हे स्वतःहून सांगावे. पुरेल तेवढ्या लहानात लहान मापाचा वापरावा, आठ तासांवर ठेवू नये, नवा घालण्यापूर्वी जुना काढल्याची खात्री करावी. हे शिक्षकांनाही ठाऊक असावे.

आमचा आक्षेप मांडणीला आहे. पत्रकाला दोन लेखक असतात : एक कायद्याचा सल्लागार, दुसरा विक्रेता. पहिला म्हणतो, यात जीवही जाऊ शकतो. दुसरा म्हणतो, हे अगदी सोपे आहे. दोघांच्या मध्ये, शरीर कसे आहे हे शांतपणे सांगणारा तिसरा लेखक हवा होता. त्याची जागा रिकामी राहिली आहे. ‘अगदी सोपे आहे’ हे वाक्य तर जिला जमले नाही तिला सर्वांत जास्त लागते.

तिसऱ्या लेखकाची जागा

ही जागा खरे म्हणजे शाळेची आहे. शाळेत काय मिळते? समोरून घेतलेला छेद : मध्ये गर्भाशय, दोन बाजूंना अंडनलिका, त्यांच्या टोकांशी अंडाशय, आणि खाली लोंबणारा योनिमार्ग. ही आकृती फलन कोठे होते, हे शिकवायला उत्तम आहे. पण तीत मूत्राशय नसते, गुदाशय नसते. योनिमार्ग खाली जाऊन नुसता संपतो. तो कोठे उघडतो, हे आकृतीत नसते. तो सरळ उभा दिसतो, कारण समोरून पाहताना मागे झुकलेली वस्तू सरळच दिसते. गर्भाशयाचा बाकही त्याच कारणाने नाहीसा होतो. मुलीच्या मनात बेंबीकडे जाणारी उभी वाट या आकृतीनेच आखलेली असते. पत्रकातला बाण तिच्यावर मात करू शकत नाही.

या आकृतीला नावे देऊन पूर्ण गुण मिळवलेल्या विद्यार्थिनीला विचारून पाहावे, की शरीराच्या खालच्या भागी द्वारे किती? मूत्रमार्गाचे, योनिमार्गाचे आणि गुदद्वार, अशी तीन वेगळी द्वारे आहेत हे तिला सांगता येईलच असे नाही. मूत्र आणि पाळीचे रक्त एकाच वाटेने येते हा समज सर्रास आढळतो. ‘टॅम्पॉन असताना लघवी कशी करायची?’ हा प्रश्न त्यातूनच येतो. उत्तर सोपे आहे : दार वेगळे आहे, फक्त दोरा बाजूला धरावा. पाळी साधारण बाराव्या-तेराव्या वर्षी सुरू होते आणि प्रजननसंस्थेचा सविस्तर पाठ पुष्कळदा दहावीत येतो, ही आणखी एक विसंगती.

आकृती अपुरी राहिली की रिकाम्या जागेत दुसरेच काही येऊन बसते. ‘कावळा शिवला’ म्हणून बाजूला बसवण्याची रीत पुष्कळ घरांतून गेली, पण पटलाची भीती गेलेली नाही. टॅम्पॉनने ‘कौमार्य जाते’ का, हा प्रश्न मुलींपेक्षा आयांच्या मनात अधिक असतो. शास्त्राचे उत्तर असे : योनिमुखाशी असलेले पटल म्हणजे ताणून बसवलेला पडदा नव्हे. ती बहुधा कडेने असलेली, लवचीक उतींची झालर असते, आणि तिला मुळातच वाट असते. नाहीतर पाळीचे रक्त बाहेर आलेच नसते. तिचा आकार प्रत्येकीत वेगळा असतो आणि तो पाहून पूर्वी शरीरसंबंध आला होता की नाही, हे कोणालाही सांगता येत नाही. स्वीडनमधल्या लैंगिक शिक्षणाच्या एका मोठ्या संस्थेने २००९ साली ‘कौमार्याचा पडदा’ अशा अर्थाचा जुना शब्द टाकून ‘योनीची कडा’ अशा अर्थाचा नवा शब्द रूढ केला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली आणि पुन्हा २०२२ साली ‘दोन बोटांच्या’ चाचणीचा निषेध केला. सेवाग्रामच्या न्यायवैद्यक तज्ज्ञांच्या पाठपुराव्यानंतर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने ‘कौमार्याची लक्षणे’ हा भाग वैद्यकीय अभ्यासक्रमातून वगळायचे २०१९ साली ठरवले. वैद्यकाच्या पुस्तकातून गेलेली कल्पना शाळेतल्या शब्दांत राहू नये. ‘कौमार्यपटल’ ऐवजी ‘योनिपटल’ म्हणावे.

काही थोड्या मुलींत पटलाची रचना खरोखर अडचणीची असते. त्याला मुळीच छिद्र नसणे हे हजार-दोन हजारांत एकीत आढळते. तेव्हा पाळी दिसत नाही, पण दर महिन्याला पोटात दुखते. कधी मध्ये उतीची एक दोरी आडवी असते. मग टॅम्पॉन आत जातो, पण फुगल्यावर बाहेर येत नाही. काहींचे स्नायू प्रत्येक प्रयत्नाला घट्ट मिटतात. या सर्वांवर उपचार आहेत, आणि पहिल्या दोन्हींवर तर लहानशी शस्त्रक्रिया पुरते. मुलीने पुन्हा पुन्हा जोर लावू नये, स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे. ‘बिघाड असू शकतो आणि तो दुरुस्त होतो’ हे सांगणे, आणि ‘बहुतेक वेळा बिघाड नसतोच’ हेही सांगणे, ही दोन्ही कामे त्या तिसऱ्या लेखकाची.

आमची सूचना मोठी नाही. प्रजननसंस्थेचा पाठ घेताना नेहमीच्या आकृतीशेजारी बाजूने घेतलेल्या छेदाची आकृती काढावी. तीत तिन्ही द्वारे दाखवावीत, योनिमार्गाच्या भिंती टेकलेल्या काढाव्यात, तो माकडहाडाकडे झुकलेला काढावा, आणि खाली सेंटिमीटरची पट्टी द्यावी. पाइप आणि पायमोजा टेबलावर ठेवावेत. मुलगे-मुली दोघेही वर्गात असू द्यावेत. टॅम्पॉनचा शब्दही काढायची गरज नाही. मिळालाच तर एक पाण्याच्या पेल्यात सोडावा, आधीचे आणि नंतरचे वजन करावे, फुगताना तो रुंदीत वाढतो की लांबीत, हे पाहावे. केशाकर्षणाचा चांगला प्रयोग होतो.

सगळ्याला दहा मिनिटे जास्त लागतील. वर्गातल्या बहुतेक मुली कदाचित टॅम्पॉन कधीच वापरणार नाहीत, आणि त्याने काही बिघडत नाही. पण त्यांतली एखादी उद्या जिल्ह्याच्या जलतरण स्पर्धेला जाईल, एखादी कप घेईल, बहुतेक जणी कधी ना कधी स्त्रीरोगतज्ज्ञाच्या टेबलावर झोपतील. त्या वेळी त्यांच्या मनात जी आकृती असेल, ती आपण फळ्यावर काढलेली असेल.